सोलर किल्नमध्ये वेगवेगळ्या जातींचं लाकूड एकत्र सुकवणं

सोलर किल्न म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर लाकूड सीझन करायची, म्हणजे बेताने सुकवायची, बंदिस्त खोली. वर काच किंवा प्लास्टिक, आत काळा रंग दिलेला पत्रा, पंखे आणि ओली हवा बाहेर सोडायला झडपा. छोट्या वखारीत एकाच जातीचा माल खोली भरेल इतका एकदम क्वचितच मिळतो, म्हणून साग, ऐन, आंबा असं जे चिरून आलं ते एकत्र लावायची वेळ येते.

या भट्टीचा उगम नेमका कुठला यावर एकमत नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या रहमान आणि चावला यांचं काम १९६१ साली छापून आलं, अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतल्या पेक यांचे रेड ओक या लाकडावरचे प्रयोग १९६२ साली, पण छापल्याच्या सालावरून प्रयोग कधी सुरू झाले ते ठरत नाही, त्यामुळे १९६० च्या आसपास दोन्हीकडे स्वतंत्रपणे काम झालं असं मानणंच जास्त सयुक्तिक वाटतं.

एकत्र सुकवण्यातली खरी अडचण वेगाची. भारतीय मानक आयएस ११४१ मध्ये सुकवायला किती अवघड त्यावरून लाकडांचे तीन गट पाडलेत, ऐन अवघड गटात, साग मधल्या, सावर (काटेसावर) सोप्या. फरक किती मोठा असतो ते अमेरिकन तक्त्यांवरून कळतं: व्हाइट ओक या अवघड लाकडाच्या एक इंची फळीतून दिवसाला साधारण २.५ टक्केच ओलावा काढणं सुरक्षित, यलो पॉप्लर या सोप्या लाकडातून १३.८ टक्क्यांपर्यंत चालतं. अवघड लाकूड घाईने सुकवलं की पृष्ठभागावर तडे जातात, आणि उलट ऐनच्या गतीने झडपा बंद ठेवून चाललं तर ओला आंबा नि सावर निळे पडतात, बुरशी धरतात, म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी.

जाती मिसळूच नयेत असं एक मत आहे. ते मुख्यतः वाफेच्या भट्टीच्या अनुभवातून आलंय, तिथे तापमान आणि आर्द्रता ठरलेल्या शेड्यूलने वाढवत नेतात. सोलर किल्नमध्ये मात्र उष्णता कलेक्टरच्या, म्हणजे ऊन शोषणाऱ्या भागाच्या, आकाराने बांधलेली असते, शिवाय रात्री खोली थंड होऊन आर्द्रता चढते आणि फळीच्या पृष्ठभागावरचा ताण सैल पडतो, म्हणून इथे मिसळणं जास्त निभावतं, हे दुसरं मत जास्त पटतं. पण त्यालाही एक मर्यादा आहे. सुरुवातीचे दिवस सावर भरपूर पाणी सोडते, हवा दमट राहते, ऐनला आपोआप आडोसा मिळतो. सावर सुकली की तेवढंच ऊन आता एकट्या ऐनवर पडतं, खोली तापते, आर्द्रता कोसळते, आणि ऐनचा ओलावा तेव्हा अजून ३० टक्क्यांच्या वर असेल तर धोका इथेच. अशा वेळी झडपा आवळाव्यात, गरज पडली तर कलेक्टरचा काही भाग झाकावा.

त्यामुळे नियम असा की भट्टी सगळ्यात अवघड जातीच्या हिशोबाने चालवायची, आणि ती जात आधी सावलीत हवेवर २५ टक्क्यांच्या खाली आणून मगच बाकीच्यांबरोबर आत घ्यायची. भट्टी अर्धी चालून गेल्यावर नवा ओला माल घुसवू नये, सुकत आलेल्या फळ्या तो ओलावा परत ओढतात. एका थरात एकाच जाडीच्या फळ्या ठेवायच्या, नाहीतर दोन थरांमधल्या लाकडी पट्ट्या नीट टेकत नाहीत आणि फळ्या वाकतात. अवघड जात खालच्या थरांत, थेट ऊन लागणार नाही अशी.

ओलावा तपासायला नमुना फळी प्रत्येक जातीची वेगळी लागते. फळीच्या टोकाजवळून छोटे तुकडे कापून १०३ अंश सेल्सिअसला पूर्ण सुकवतात आणि त्यावरून फळीचं कोरडं वजन काढतात. ते ४ किलो निघालं तर फळी ६ किलो भरते तेव्हा ओलावा ५० टक्के, ५ किलो भरते तेव्हा २५. पिना टोचायचा मीटर वापरत असाल तर जातीनुसार दुरुस्ती करावीच लागते, एकाच सेटिंगवर साग आणि आंबा मोजले तर आकडे फसवतात.

शेवटाला सगळ्या जाती साधारण सारख्याच ओलाव्याला येऊन थांबतात, कारण तो भट्टीतल्या हवेवर ठरतो. पावसाळ्यात कोकणात ऊन नसल्याने तो खाली उतरत नाही, तिथे भट्टी पाऊस संपल्यावर भरलेली बरी.