सोल रेकॉर्डच्या कव्हरवरचा टाइपफेस: ओळख का चकवते

1960 ते 75च्या दरम्यानची सोल संगीताची (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गायकीची) एखादी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, घ्यावी, कव्हरवरच्या नावाचा फोटो काढून फॉन्ट ओळखणाऱ्या ॲपला द्यावा, तर बहुधा जवळपासचं काहीतरी हाती लागतं, नेमकं नाही. यात ॲपचा दोष कमी आणि त्या काळी अक्षर कव्हरपर्यंत ज्या वाटेने पोचायचं तिचा जास्त.

डेट्रॉइटमध्ये मोटाउन ही सोल संगीताची रेकॉर्ड कंपनी 1959 साली सुरू झाली, तेव्हा ठळक मथळ्यांसाठी शिशाचे खिळे (एकेका अक्षराचे ओतीव ठसे) अजून सर्रास वापरात होते. खिळ्याच्या अंगाची रुंदी ठरलेली, त्यामुळे दोन अक्षरांत फट राहतेच. ही कव्हरं ओळखायला सोपी.

घोटाळा फोटोटाइपपासून, म्हणजे फिल्मवरची अक्षरं प्रकाशाने कागदावर उमटवण्याच्या पद्धतीपासून सुरू होतो. न्यूयॉर्कची फोटो-लेटरिंग कंपनी 1936पासून हे काम करत होती. 1960च्या दशकात व्हिज्युअल ग्राफिक्स कॉर्पोरेशनच्या टाइपोझिटर यंत्राने ते गावोगावच्या टाइपसेटरकडे नेलं. दोन इंची फिल्मपट्टीवरची अक्षरं एकेक करून फोटोच्या कागदावर उमटवायची. मागचं अक्षर समोर दिसत असल्याने पुढचं त्याला चिकटवता येई, त्यावर चढवताही येई. भिंग लावून तेच अक्षर अरुंद, रुंद किंवा तिरकं करता येई. प्रकाश जरा जास्त पडला की रेघ फुगते, बाहेरचे कोपरे गोल होतात आणि आतले खाचे बुजतात. म्हणून जाडीवरून ओळख पटवणं धोक्याचं.

शेपटीवाला बुकमन (अक्षरांना लांब वळणदार टोकं असलेला टाइपफेस) हे याचं उत्तम उदाहरण. पुष्कळ जण त्याला सरळ 'आयटीसी बुकमन' (आयटीसी या टाइपफेस कंपनीचा) म्हणून मोकळे होतात. पण टाइप डिझायनर एड बेंग्वियटचा तो टाइपफेस 1975चा आहे. 1971च्या एखाद्या रेकॉर्डच्या मूळ आवृत्तीच्या कव्हरवर तो असणार कसा? त्याआधीच्या फोटोटाइप बुकमनचं इटॅलिक (तिरकं रूप) म्हणजे सरळ अक्षराला दिलेला कल होता. बेंग्वियटने खरं हस्ताक्षरी वळणाचं इटॅलिक काढलं. 'a' पाहिला की बहुधा निकाल लागतो. आज हे जुनं रूप हवं असेल तर मार्क सिमन्सनचा बुकमेनिया (2011) जास्त जवळचा.

कूपर ब्लॅक या जाड टाइपफेसची गोष्ट उलटी. तो मुळात 1922चा, शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीसाठी (खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी) ऑस्वाल्ड कूपरने काढलेला. तो खपल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी लडलो ब्लॅक आणि गाउडी हेवीफेस बाजारात आणले. कूपरच्या 'o'मधली पोकळी मागे कललेली असते; आधी तेवढं बघावं.

नावांचा गोंधळ वेगळाच. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, 1978च्या निकालाने ते पक्कं झालं. त्यामुळे दुसरी कंपनी तोच आकार वेगळ्या नावाने विकू शके. टाइपसेटिंग यंत्रं बनवणाऱ्या कॉम्प्युग्राफिककडे हेल्व्हेटिका 'हेलिऑस' म्हणून भेटतो, ऑप्टिमा 'ओरॅकल' म्हणून. एकाच अक्षराची दोन नावं सापडली तर दोन्ही बरोबर असू शकतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी कव्हर मूळ आवृत्तीचं की नंतरच्या पुनर्मुद्रणाचं, हे कॅटलॉग क्रमांक आणि लेबलवरून पक्कं करावं. पुनर्मुद्रणात मथळा नव्याने जुळवलेला असू शकतो. मग कव्हर सपाट ठेवून 600 डीपीआयला स्कॅन करावं, चिकटलेली अक्षरं कापून सुटी करावीत आणि मगच ॲपला द्यावीत. R, Q, a, g आणि आकडे सर्वांत बोलके. 'O'च्या उभ्या आणि आडव्या रेघांच्या जाडीचं प्रमाण विचित्र वाटलं तर अक्षर भिंगातून ताणलेलं असण्याचा संशय घ्यावा, आणि रुंदी टप्प्याटप्प्याने बदलून पुन्हा जुळवावं. लेट्रासेट (तयार अक्षरांचा कागद) घासून लावलेलं असेल तर कडांना बारीक तडे दिसतात. मागच्या बाजूचा मजकूर या शोधात धरू नये, तो बऱ्याचदा वेगळ्याच यंत्रावर जुळवलेला असतो.

सर्वांत शेवटी एकच अक्षर दोनदा आलेली जागा शोधावी. दोन 'e' शेजारी ठेवल्यावर सारखे नसतील आणि तो पर्यायी अक्षराचा (त्याच फॉन्टमधल्या दुसऱ्या रूपाचा) प्रकारही नसेल, तर नाव बहुधा हाताने रेखलेलं आहे. मग फॉन्टचा शोध थांबवून मागच्या बाजूची 'कव्हर डिझाइन'ची बारीक ओळ वाचावी.