कावीळ पाण्याची, कावीळ सुईची

सातारा-सांगलीतल्या माण, खटाव, आटपाडी किंवा जतमध्ये कुणाचे डोळे पिवळे झाले की पहिली शंका पाण्यावर जाते, आणि ती बहुधा खरीच असते. टँकरचं पाणी, गळकी पाइपलाइन, २००५ आणि २०१९च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या गढूळलेल्या विहिरी, या वाटेने हिपॅटायटिस ए आणि ई, म्हणजे यकृताला सूज आणणारे विषाणू, येतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मिळतं काविळीचं औषध देणाऱ्याला. हाताला झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या निवळीत धुतला की पाणी पिवळं होतं. धडधाकट माणसाचा हात धुतला तरी होतं. सांगलीसारख्या हळदीच्या पेठेच्या जिल्ह्यातही घरात आधी हळद बंद होते, रंगाला रंग नको म्हणून.

हिपॅटायटिस सी या चौकटीत बसत नाही. तो पाण्यातून, जेवणातून, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. रक्तातून रक्तात जातो. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांचे डोळे त्या वेळी पिवळे होतच नाहीत. १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांत स्वतःहून जातो. उरलेल्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो आणि साधारण वीस वर्षांत त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्क्यांना सिरोसिस होतो, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत जातं. पोटात पाणी होऊन माणूस मिरजेला किंवा कराडला आणला जातो, तोवर ज्या सुईतून लागण झाली ती कुणाच्या लक्षातही नसते. दारू पिणारा असेल तर निदान गावानेच करून ठेवलेलं असतं.

या विषाणूला नाव मिळालं १९८९मध्ये. त्याआधी रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीला डॉक्टर ‘ए नाही, बी नाही’ असंच म्हणत. हार्वे आल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठी २०२०चं नोबेल मिळालं. भारतात रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची सीसाठी तपासणी २००१पासून सक्तीची झाली. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी त्याआधी, १ जानेवारी १९९८पासून आली होती. म्हणून बाळंतपणात रक्तस्राव झाला, सिझेरियन झालं, अपघात झाला आणि २००१च्या आधी रक्त चढवलं, अशा प्रत्येकाने एकदा तपासून घ्यावं. आज साठीत असलेल्या अनेक बायका यात येतात, आणि त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं.

पण ग्रामीण भागात रक्तापेक्षा मोठी वाट सुईची. इजिप्तमध्ये १९५०च्या दशकापासून १९८०च्या सुमारापर्यंत बिल्हार्झिया या जंतविकारावर सरकारी मोहिमेत शिरेतून इंजेक्शनं दिली गेली. काचेच्या सिरिंजा नीट निर्जंतुक न होता एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या आणि एका रोगावरच्या उपचारातून दुसरा रोग देशभर पसरला. आपल्याकडे अशी एकच मोठी मोहीम नव्हती. पंजाब, हरियाणा किंवा ईशान्येइतका प्रादुर्भावही महाराष्ट्रात नाही. इथे लागण सुटीसुटी राहिली, पण पद्धत तीच.

बाजाराच्या दिवशीचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. स्टोव्हवर पातेलं, त्यात काचेच्या चार सिरिंजा, रांगेत पन्नास माणसं. सिरिंज सुटी करून, दट्ट्या वेगळा काढून, आत-बाहेर धुऊन, पूर्ण बुडवून, खळखळ उकळी फुटल्यावर वीस मिनिटं मोजायची, असा नियम. उकळण्याने निर्जंतुकीकरण पूर्ण होत नाही. त्याला प्रेशरखाली १२१ अंशांची वाफ लागते. पण निदान हा विषाणू मरतो. घोटाळा पुढे व्हायचा. दहाव्या मिनिटाला वापरलेली सिरिंज त्याच पातेल्यात पडायची आणि मोजणी मात्र पहिलीचीच चालू राहायची. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरा थर बसायचा, दट्ट्या अडकायचा, म्हणून उकळणंच आटोपतं घेतलं जायचं. गर्दी वाढली की नुसतं गरम पाणी आत-बाहेर ओढून पुढच्या दंडाला.

प्लास्टिकची डिस्पोजेबल सिरिंज आल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. काही ठिकाणी तो फक्त बदलला: सुई नवी, सिरिंज तीच. सुई काढताना नळीत किंचित ओढ बसते आणि सुईतला रक्ताचा अंश आत येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. तीच सिरिंज ३० मिलीच्या लिग्नोकेनच्या (बधिर करणाऱ्या औषधाच्या) किंवा वेदनाशामकाच्या बाटलीत गेली की ती बाटली संपेपर्यंत प्रत्येक रुग्ण एकमेकांचा रक्ताचा नातेवाईक होतो. सलाईनचंही तसंच. एका रुग्णाची उरलेली बाटली ‘वाया कशाला’ म्हणून दुसऱ्याच्या इंजेक्शनची पावडर विरघळवायला वापरली जाते. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात हा विषाणू प्रयोगशाळेत ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. गुजरातेत मोडासा इथे २००९मध्ये हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ अशाच वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे आली.

मागणीही तितकीच जबाबदार आहे, हे सांगायला हवं. गोळी दिली तर डॉक्टर कच्चा, सुई टोचली तर हुशार. ऊसतोडीच्या हंगामात एक दिवस पडून राहणं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं, म्हणून ‘एक ताकदीची बाटली लावा’. यातल्या बहुतेक इंजेक्शनांची गरजच नसते. त्यामानाने दाढीचा वस्तरा आणि यात्रेतलं गोंदण या लहान वाटा आहेत. न्हाव्याकडे अर्धं ब्लेड आपल्यासमोर मोडून घेतलंय ना, हे पाहायला दोन सेकंद लागतात. गोंदणात सुई बदलली तरी रंगाची वाटी तीच असते, ते कुणी पाहत नाही.

उपचाराचा इतिहास मात्र झपाट्याने बदलला. आधी इंटरफेरॉन या औषधाची आठवड्याला एक सुई, सोबत रिबाविरिनच्या गोळ्या, सहा महिने ते वर्षभर. ताप, उदासी, हिमोग्लोबिन खाली, खर्च लाखांत आणि बरे होण्याची खात्री नाही. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या सीवरच्या गोळीला मान्यता मिळाली, २०१४मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवायचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

आधी बोटाच्या थेंबावर पट्टीची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर रक्तात विषाणू प्रत्यक्ष आहे का, हे पाहायला व्हायरल लोड करतात. तो असला तर एसजीओटी (यकृताची रक्तचाचणी) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांच्या आकड्यांवरून सिरोसिसचा अंदाज घेतात, आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करतात, कारण सीवर औषध चालू असताना शरीरात झोपलेला बी विषाणू उठू शकतो. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक, ८४ दिवस. ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे होतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांचा जोर उतरतो, हे आधीच सांगायचं. महिना झाल्यावर बरं वाटू लागतं आणि गोळ्या थांबतात, ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी करायचा व्हायरल लोड राहून जाणं. बरे झाल्याचा पुरावा तोच.

पट्टीची चाचणी बरे झाल्यावरही आयुष्यभर पॉझिटिव्हच येते, कारण ती विषाणू नव्हे तर त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दाखवते. पुढे मोतीबिंदूच्या किंवा दुसऱ्या कुठल्या शस्त्रक्रियेआधी ती पुन्हा केली जाते आणि घरात पुन्हा रडारड होते. त्या वेळी दाखवायला शेवटचा व्हायरल लोडचा कागद लागतो, म्हणून तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला सांगतात.