फेज फोर : चित्रपट आणि प्रेक्षकमते

फेज फोर (चौथा टप्पा) : बुद्धिमान मुंग्या आणि माणूस यांच्या झुंजीवरचा, १९७४ मध्ये प्रदर्शित झालेला इंग्रजी विज्ञानपट. ‘व्हर्टिगो’, ‘सायको’ यांसारख्या चित्रपटांच्या श्रेयनामावल्या आणि अनेक गाजलेली बोधचिन्हे घडवणारे अमेरिकन आरेखनकार सॉल बास (१९२०–१९९६) यांनी दिग्दर्शित केलेला हा एकमेव पूर्ण लांबीचा कथापट होय. पटकथा मेयो सायमन यांची, वितरण पॅरामाउंट कंपनीचे आणि लांबी ८४ मिनिटांची. प्रदर्शनाच्या वेळी चित्रपटाला तिकीटबारीवर अपयश आले; पुढे मात्र त्याचा स्वतःचा असा निष्ठावान प्रेक्षकवर्ग तयार झाला. त्याच्याविषयीची मते इतकी टोकाची आहेत की, एकाला ज्या दृश्यात झोप लागते तेच दृश्य दुसऱ्याला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते.

कथानक थोडक्यात असे : अवकाशातील एका घटनेनंतर अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात निरनिराळ्या जातींच्या मुंग्या आपसांतले वैर सोडून एकत्र काम करू लागतात आणि सात उंच मनोरे उभारतात. त्यांचा अभ्यास करायला डॉ. हब्स (नायजेल डेव्हनपोर्ट) हा जीवशास्त्रज्ञ आणि लेस्को (मायकेल मर्फी) हा सांकेतिक भाषांचा जाणकार गणिती घुमटाकार प्रयोगशाळेत मुक्काम ठोकतात. मुंग्या काहीच करीत नाहीत हे पाहून हब्स मनोरे उडवून देतो आणि तिथून लढाई पेटते. मुंग्यांवर फवारलेल्या पिवळ्या विषाने शेजारच्या शेतावरचे कुटुंब मरते आणि त्यातून वाचलेली केंड्रा (लिन फ्रेडरिक) घुमटात आश्रयाला येते. कथा अ‍ॅरिझोनातली असली तरी बाहेरची दृश्ये केनियात आणि आतली इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत चित्रित झाली. पडद्यावरचे मनोरे आपल्याकडच्या माळरानावरील वारुळांची आठवण करून देतात. अर्थात तशी वारुळे वाळवी बांधते, मुंग्या नव्हेत.

सुरुवातीच्या प्रेक्षकांच्या नाराजीचे एक कारण चित्रपटाच्या जाहिरातीत होते. तळहाताला भोक पाडून बाहेर येणारी मुंगी आणि पृथ्वीची दफनभूमी झाल्याची आरोळी, अशा भित्तिपत्रकाने लोकांना भयपटाच्या अपेक्षेने चित्रपटगृहात आणले. १९५४ पासून ‘देम!’सारख्या चित्रपटांनी कीटक म्हणजे अणुचाचण्यांमुळे हत्तीएवढा झालेला राक्षस, असे समीकरण रुजवले होते. इथे मुंग्या मुंग्यांएवढ्याच राहतात आणि सुरुवातीची बरीच मिनिटे पडद्यावर त्यांच्याशिवाय कोणी नसते. असतो तो फक्त माणसाचा निवेदनाचा आवाज. किंकाळ्या ऐकायला आलेल्याला असा संथ आरंभ म्हणजे फसवणूक वाटली असेल, तर त्याला दोष देता येत नाही.

ज्यांना चित्रपट आवडतो त्यांच्या कौतुकाचा मोठा वाटा केन मिडलहॅम यांच्या कीटकचित्रणाकडे जातो. सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळवलेल्या ‘द हेलस्ट्रॉम क्रॉनिकल’ (१९७१) या कीटकांवरील चित्रपटासाठीही त्यांनी काम केले होते. प्रेक्षक सर्वाधिक आठवण काढतात ती विषाच्या कणाच्या प्रवासाची. फवारणीनंतर एक मुंगी पिवळ्या विषाचा कण तोंडात धरून बोगद्यातून निघते, काही अंतरावर कोसळते, मागून दुसरी येते, तो कण उचलते, थोडे पुढे नेते आणि मरते, मग तिसरी. अखेर कण राणीपर्यंत पोचतो, ती तो ग्रहण करते आणि तिच्या अंड्यांतून त्या विषाला न जुमानणारी पिवळी प्रजा जन्मते. या संपूर्ण प्रसंगात एकही संवाद नाही. दुसऱ्या एका दृश्यात मेलेल्या मुंग्या एखाद्या युद्धानंतरच्या प्रेतांसारख्या ओळीने मांडून ठेवलेल्या दिसतात. शत्रुपक्षाविषयी इतकी हळहळ वाटायला लावणारे प्रसंग या प्रकारच्या चित्रपटांत विरळाच.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. मिडलहॅम यांच्या मुंग्या अभिनय करीत नव्हत्या. त्या चालत होत्या, मिशा हलवत होत्या, ओझे ओढत होत्या. त्यांची ‘बुद्धी’ संकलनाच्या टेबलावर तयार झाली. मुंगीचे डोके, मग यंत्राची तार, मग पुन्हा मुंगीचे डोके, असा क्रम लावला की पाहणारा मधला हेतू स्वतःच भरतो. श्रेयनामावलीच्या दोन-तीन मिनिटांत केवळ रेषा आणि आकार यांतून कथा सांगण्याची हातोटी असलेल्या बास यांचे कसब याच कामी आले. मुंग्या ‘खरोखर विचार करताना दिसतात’ हे प्रेक्षकांचे वारंवार येणारे मत वास्तविक या कसबाला मिळालेली पावती आहे.

माणसांविषयीची मते इतकी उदार नाहीत. हब्स आढ्यतेखोर, लेस्को कोरडा आणि केंड्राला जेमतेम व्यक्तिरेखा, ही तक्रार चित्रपटाचे चाहतेही करतात. केंड्रा संतापाच्या भरात प्रयोगशाळेतले काचपात्र फोडते, त्यातून सुटलेली मुंगी हब्सला चावते आणि त्याचा हात सुजत जातो. कथेला वळण हवे म्हणून एकट्या स्त्रीपात्राला असे अविचारी ठरवणे आजच्या प्रेक्षकाला खटकते आणि ते खटकणे रास्त आहे. याउलट, माणसे मुद्दाम निर्जीव आणि मुंग्या मुद्दाम सजीव ठेवल्या आहेत, असा बचावही केला जातो. तो पूर्णपणे पटत नाही, कारण हब्सच्या खुळ्या जिद्दीला डेव्हनपोर्ट यांनी दिलेली धग पाहता बास यांना माणसे रंगवायची नव्हती असे म्हणता येणार नाही.

कीटकशास्त्र जाणणाऱ्या प्रेक्षकांचे आक्षेप वेगळ्या जातीचे आहेत. एकाच जातीच्या पण वेगळ्या वारुळांतल्या मुंग्याही अंगाच्या वासावरून एकमेकींना परक्या मानून सामान्यतः लढतात, मग भिन्न जातींची युती दूरच. राणी हुकूम सोडत नाही. ती अंडी घालते आणि वारुळाचा कारभार असंख्य कामकऱ्यांच्या परस्परसंपर्कातून चालतो. विषाला प्रतिकार निर्माण होतो तो पिढ्यानुपिढ्यांच्या निवडीतून, राणीने विष खाल्ल्याने नव्हे. प्रेते ओळीने मांडण्याच्या दृश्याला मात्र वास्तवाचा दूरचा आधार आहे. अनेक जातींच्या मुंग्या मेलेल्यांना उचलून वारुळाबाहेर किंवा उकिरड्यावर टाकतात. मृत शरीरात तयार होणाऱ्या ओलेइक आम्लाच्या वासावरून त्या प्रेत ओळखतात, हे कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवले; ते आम्ल चोपडलेल्या जिवंत मुंगीलाही, ती हातपाय झाडत असताना, तिच्या सोबतिणी उकिरड्यावर नेऊन टाकतात. चित्रपटातला शोक आणि प्रयोगातला हा यांत्रिकपणा शेजारी ठेवून पाहिले की बास यांनी घेतलेले स्वातंत्र्य किती मोठे होते ते कळते.

सर्वांत मोठा वाद शेवटाविषयी आहे. प्रदर्शित आवृत्तीत राणीला मारायला निघालेला लेस्को वारुळात उतरतो, तिथे वाळूतून केंड्रा वर येते आणि मुंग्यांना आपल्याला मारायचे नसून बदलायचे आहे, असे त्याला उमगते. पुढे सूर्योदय आणि समाप्ती. बास यांनी यानंतर मुंग्यांच्या राज्यातल्या नव्या माणसाची झलक दाखवणारी, स्वप्नवत आणि जवळजवळ निःशब्द अशी चित्रमालिका रचली होती. स्टुडिओने ती प्रदर्शनापूर्वी कापली, मात्र तिच्यातले काही तुकडे चित्रपटाच्या जाहिरातीसाठीच्या झलकीत (ट्रेलरमध्ये) राहून गेले. त्यामुळे झलकीत पाहिलेले चित्रपटात सापडले नाही, असा अनुभव काही प्रेक्षकांना आला. हा भाग पुढे सापडला आणि २०१२ मध्ये लॉस एंजेलिस येथे लोकांना दाखवण्यात आला. तो पाहिल्यावर अनेकांनी आधीचे मत बदलले; काहींना मात्र प्रदर्शित आवृत्तीतला त्रोटक शेवटच अधिक गूढ आणि म्हणून बरा वाटतो.

मधल्या काळात चित्रपट थट्टेचाही विषय झाला. जुन्या चित्रपटांवर चालू प्रक्षेपणातच शेरे मारणाऱ्या ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेने १९८९ मध्ये, स्थानिक वाहिनीवर असतानाच, त्याला लक्ष्य केले. शेतातल्या पिकात मुंग्यांनी काढलेली भौमितिक आकृती दाखवल्यामुळे, इंग्लंडमधील पीकवर्तुळांची (उभे पीक आडवे करून काढलेल्या आकृत्यांची) चर्चा सुरू होण्याआधीच ती कल्पना पडद्यावर आणल्याचे श्रेयही काही चाहते त्याला देतात. पुढच्या वर्तुळांवर त्याचा प्रभाव पडला असा पुरावा मात्र नाही.

चित्रपटात ‘पहिला टप्पा’, ‘दुसरा टप्पा’, ‘तिसरा टप्पा’ अशा पाट्या ओळीने येतात आणि चौथ्याचे नाव अगदी अखेरीस पडद्यावर उमटते. तो टप्पा माणसाचा पराभव समजावा की बढती, यावर प्रेक्षकांचे एकमत नाही. लेस्कोने मुंग्यांना चौकोनाची आकृती पाठवल्यावर त्यांनी उत्तरादाखल पाठवलेल्या आकृतीचा अर्थही त्याला लागतो, पण त्यांना नेमके काय हवे आहे हे तो शेवटपर्यंत ठामपणे सांगू शकत नाही.