पऱ्हाटीतली साखर

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भात शेतं पऱ्हाट्यांनी, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांनी, भरलेली दिसतात. काही चुलीत जातात, उरलेल्या बांधावर पेटवून देतात. या वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोजचा, म्हणजे एकमेकींत गुंफलेल्या साखरेचा असतो. ही साखर सुटी करून आंबवली की इंधनाला चालणारं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, मिळतं.

ती साखर सोडवता येते, हे २०० वर्षांपासून ठाऊक आहे. १८१९ मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी कापडाच्या चिंध्या गंधकाम्लात विरघळवून साखर काढली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत लाकडाच्या भुशापासून अल्कोहोल काढणारे कारखानेही चालले. पण आम्ल यंत्रं खातं, मोकळी झालेली साखरही थोडी नासवतं. खनिज तेल स्वस्त असताना हे परवडेना.

खरी वाट सापडली ती दुसऱ्या महायुद्धात. सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, कपडे कुजून जात होते. त्याचा छडा लावताना मिळालेल्या बुरशीला पुढे संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून ‘ट्रायकोडर्मा रीसी’ नाव पडलं. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. तो खायला ही बुरशी एन्झाइम बाहेर सोडते आणि सेल्युलोजचं ग्लुकोज होतं. आम्ल करायचं तेच काम, पण साखर न नासवता. कारखान्यांत आज वापरतात ते तिचे वाण त्या एकाच नमुन्यातून आले आहेत.

तरी दोन अडचणी राहिल्या. सेल्युलोजभोवती लिग्निन या चिवट पदार्थाचं कवच असतं, ते आधी वाफेने किंवा सौम्य आम्लाने सैल करावं लागतं. शिवाय हेमिसेल्युलोजमधली झायलोज साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही. तीही आंबवणारा जनुकबदल केलेला जीवाणू फ्लोरिडात लॉनी इन्ग्रॅम यांनी घडवला. १९९१ मध्ये त्याला अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं.

पऱ्हाटीच्या तुलनेत फळांच्या सालींत लिग्निन कमी, त्यामुळे त्यांतली साखर लवकर सुटते. संत्र्याच्या सालीत मात्र लिमोनीन नावाचं तेल असतं आणि ते यीस्टला मारक ठरतं. ते आधी काढून घ्यावं लागतं. अर्थात त्या तेलालाही गिऱ्हाईक आहे.

आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या (आयसीटी) तंत्रावर उत्तराखंडात काशीपूरला २०१६ मध्ये असं इथेनॉल काढणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा, रोज एक लाख लिटर इथेनॉलच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं, कच्चा माल भाताचा पेंढा.

माझ्या मते आता खरा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरचा आहे. पेंढ्याचे गठ्ठे बांधता येतात. पऱ्हाटी ताठ आणि फांद्यांची. ट्रॉली भरलेली दिसते, पण वजन भरत नाही. ती शेतातच बारीक करून द्यायची सोय आणि तिचा शेतकऱ्याला परवडेल असा भाव, हे आधी ठरायला हवं.