मलाक्काच्या सामुद्रधुनीतील चाचेगिरी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून व्यापारी जहाजांवर नोकरीला गेलेली मुले सिंगापूर जवळ आले, मोबाइलला रेंज मिळाली की घरी फोन करतात, आणि ‘आज रात्री मागच्या डेकवर माझा वॉच आहे’ असे सांगतात. घाटावरच्या आईवडिलांच्या जिवाला तेवढ्याने घोर लागतो. तो पहारा कशासाठी, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

सुमात्रा बेट आणि मलाय द्वीपकल्प यांच्यामधली ही सुमारे ८०० किलोमीटरची सामुद्रधुनी सिंगापूरच्या तोंडाशी, फिलिप्स चॅनलमध्ये, तीन किलोमीटरहूनही अरुंद होते. वर्षाला ८०,०००हून अधिक जहाजे या वाटेने जातात. अरुंद जागी वेग कमी ठेवावा लागतो आणि माल भरलेले जहाज पाण्यात खोल बसते, त्यामुळे त्याचा मागचा कठडा लहान होडीच्याही टप्प्यात येतो. लांब बांबूच्या टोकाचा आकडा त्या कठड्यात अडकवायचा, वर चढायचे, इंजिनाचे सुटे भाग किंवा हाती लागेल ते उचलायचे आणि काही मिनिटांत बेटांच्या अंधारात नाहीसे व्हायचे, ही येथील नेहमीची रीत आहे.

चौदाव्या शतकातील चिनी प्रवासी वांग दायुआन याने लिहून ठेवले आहे, की पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजांना येथे वाट मिळे, परंतु माल घेऊन परतणाऱ्यांवर दोनतीनशे होड्या चालून येत. या पाण्यावरच जन्म काढणारे ओरांग लाउत लोक मलाक्का आणि नंतर जोहोरच्या सुलतानांचे आरमारच होते. ते जहाजांना सुलतानाच्या बंदरात वळवीत आणि त्यावर त्यांचे पोट चाले. कान्होजी आंग्रे यांचा दस्तक (परवाना) न घेणारी जहाजे अडवणाऱ्या मराठी आरमारालाही इंग्रजांनी चाचेच म्हटले होते, म्हणून त्या काळातील युरोपीय कागदांत हा शब्द दिसला की तो पारखूनच घ्यावा असे मला वाटते.

खरा घाव १८२४ मध्ये बसला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी कंपनीच्या फौजेला धूळ चारली त्याच वर्षी, मार्च महिन्यात, इंग्रज आणि डच यांनी लंडनमध्ये तह करून या पाण्याची वाटणी केली. जोहोर आणि सिंगापूर एकीकडे, रिआऊ बेटे दुसरीकडे, असे एकाच सुलतानीचे दोन तुकडे पडले. धनी दुभंगला, हक्काचे उत्पन्न गेले, आणि सेवेतले दर्यावर्दी लुटीकडे वळले. १९५६ मध्ये नकाशावर ओढलेल्या रेषेने गावे आणि सोयरीकी कशा दुभंगतात, हे सीमाभागाला वेगळे सांगायला नको.

१८२४ ची ती रेषा, म्हणजे आताची मलेशिया-सिंगापूर आणि इंडोनेशिया यांच्यामधली हद्द, आजही चोरांच्या उपयोगी पडते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार चाचेगिरी ही खुल्या समुद्रातच घडते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत तोच गुन्हा सशस्त्र दरोडा ठरतो आणि तो त्या त्या देशाने हाताळायचा असतो. येथे तर बहुतेक पाणी कोणा ना कोणाच्या हद्दीतलेच आहे. गोव्याची दारू चोर्ला घाटातून आणणारा हद्द ओलांडून निसटतो, तशीच होडी इंडोनेशियाच्या पाण्यात शिरली की पाठलाग थांबतो.

१९९७ च्या आर्थिक संकटाने इंडोनेशियात रोजगार बुडाले, त्यात सुमात्राच्या उत्तर टोकाच्या आचे प्रांतातील फुटीरतावादी संघर्षाची भर पडली आणि हल्ले वाढले. २००४ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी समन्वयाने गस्त सुरू केली, पण प्रत्येकाने आपापल्या हद्दीतच. जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराने सामुद्रधुनीला युद्धधोक्याच्या, म्हणजे जादा विमाहप्ता लागू होऊ शकणाऱ्या भागांच्या, यादीत टाकले; ऑगस्ट २००६ मध्ये, आचेत शांतता करार होऊन वर्ष लोटल्यावर, ते नाव काढण्यात आले.

भारताशी जोडलेले प्रकरण ऑक्टोबर १९९९ चे. सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन सुमात्राच्या क्वाला तान्जुंग बंदरातून निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ हे जहाज पळवले गेले, खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या तटरक्षक दल व नौदलाने ते अरबी समुद्रात पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली, परंतु उच्च न्यायालयात २००५ मध्ये ते सुटले. तेव्हा आपल्याकडे चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केला.