पैजेचा विडा आणि कुमारांची कादंबरी

वाचनालयात येणारी चौदा ते अठरा वयाची मुलं-मुली गेली काही वर्षं एकाच साच्याची गोष्ट मागतात. चढाओढ असते, तीत मंत्र चालतात, हरणारा जिवानिशी जाऊ शकतो आणि नाव एकदा पुकारलं गेलं की माघार नसते. अशी कादंबरी मराठीत लिहायला कुणी बसलं की आक्षेप ठरलेला: हे विलायतेचं आहे, आपल्याकडे असलं काही नव्हतं. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या वाचनालयात मी बावीस वर्षं काम करतो आहे आणि मला हा आक्षेप मान्य नाही. गोदावरीच्या काठावर तर तो मुळीच टिकत नाही.

इंग्रजीकडचा भाग थोडक्यात आवरतो. २००० साली 'हॅरी पॉटर' या शाळकरी जादूगारांच्या मालिकेचा चौथा भाग आला. तीन शाळांमधून एकेक स्पर्धक निवडायचा असताना नावं निवडणाऱ्या जादूच्या पेल्यातून चौथं नाव बाहेर पडतं. मुलगा चौदा वर्षांचा, अट सतराची, तरी त्याला उतरावंच लागतं. पेल्यानं नाव दिलं म्हणजे करार झाला. २००८ साली अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या एका कादंबरीत बारा विभागांतून एक मुलगा, एक मुलगी, असे चोवीसजण रिंगणात सोडले जातात. तिथे जादू नाही, पण एकानंच जिवंत उरायचं हा नियम पुढच्या बऱ्याच पुस्तकांत शिरला. आमची मुलं हे सगळं अनुवादांतून आणि मोबाइलवर पाहिलेल्या सिनेमांतून ओळखतात.

खरा गुंता शब्दाचा आहे.

या कादंबऱ्यांविषयी मराठीत बोलताना सगळे 'स्पर्धा' म्हणतात. मराठवाड्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीपुढे हा शब्द उच्चारला की तिच्या डोळ्यांसमोर काय येतं? अकरावीसाठी नांदेड, परभणी, बीड, धाराशिवहून लातूरला निघालेल्या मैत्रिणी. लातूर पॅटर्न. भाड्याच्या खोलीतली कॉट, मेसचा डबा, भिंतीवर चिकटवलेला कागद आणि त्यावर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'मध्ये ७२० पैकी किती हवेत तो आकडा. पुढे पदवी झाली की पुन्हा 'स्पर्धा परीक्षा' आहेच. संस्कृतातला 'स्पर्ध्' धातू चढाओढीचाच. दुसऱ्याच्या पुढे जायचं, एवढाच त्याचा अर्थ. 'शर्यत' म्हणावं तर ती धावण्याची झाली. तिचं मूळ अरबी 'शर्त', म्हणजे अट. आमच्याकडे अजूनही 'शर्त लावली' असंच बोलतात.

'पैज' या शब्दाचा पिंड निराळा आहे. तो आला 'प्रतिज्ञा'पासून. प्राकृतात 'पइज्जा' झालं, मराठीत 'पैज'. पैज लावणारा माणूस आधी स्वतःला बांधून घेतो, चारचौघांच्या देखत. हरलो तर काय सोडीन, हे तो तोंडानं सांगतो. समोर कोण आहे, किती जण आहेत, हे त्यानंतरचं. आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातल्या पोरानं १२९० साली 'माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके' असं म्हटलं, तेव्हा तो मराठीसाठी स्वतःचा शब्द गहाण ठेवत होता. 'ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन' ही पुढची ओळ वाचली की ते स्पष्ट होतं. 'मेळवीन' हे वचन आहे. तिथे 'अमृताशी स्पर्धा करतो' असं घालून पाहा, ओवी जागच्या जागी मरते.

दरबारात तबकात विडा ठेवायचे, ज्याची हिंमत त्यानं उचलायचा. उचलला की काम अंगावर आलं. विडा परत ठेवता येत नसे, आणि इंग्रजी कादंबरीतल्या पेल्याचं कामही हेच आहे. म्हणून अशा कादंबरीच्या मलपृष्ठावर 'जीवघेणी जादुई स्पर्धा' असं छापलेलं मला खटकतं. 'पैज' लिहिलं तर लेखकाला ताबडतोब एका प्रश्नाला उत्तर द्यावं लागेल: हरणारा काय देणार? केवळ जीव, हे फार सोपं उत्तर झालं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आष्टी तालुक्यात आजीकडे श्रावणात नवनाथांची पोथी लागायची. धुंडिसुत मालूनं शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पूर्ण केलेली, चाळीस अध्यायांची. आमच्या भागाला ती परकी नाही. मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात ते सावरगावचं मायंबा आष्टी तालुक्यातच, गहिनीनाथांची चिंचोली शेजारच्या पाटोद्यात. ओसरीवर गोणपाट अंथरलेलं, कंदिलाची काच एका बाजूनं काजळलेली, ताटलीत गूळ-खोबरं झाकून ठेवलेलं. अध्याय संपल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. वाचणारे अप्पा ओवी चालीवर म्हणायचे आणि मग साध्या बोलीत अर्थ सांगायचे.

त्यात गोरख आणि कानिफा यांची भेट आहे. पिकलेल्या आंब्यांचं झाड समोर. कानिफा भस्म फेकून मंत्रानं आंबे खाली आणतो, शिष्य पोटभर खातात. गोरख म्हणतो, आता हीच फळं होती तशी झाडाला परत लावून दाखव. कानिफाला ते येत नाही. गोरख लावून दाखवतो. आजी दरवर्षी इथं अप्पांना थांबवायची आणि आम्हा पोरांकडं वळून म्हणायची, "तोडाया काय, कुणीबी तोडतंय. लावून दावा बरं." मग पोथी पुढं सरकायची.

या सामन्याचा शेवट मला आजच्या कादंबऱ्यांपेक्षा फार मोठा वाटतो. दोघं एकमेकांना हिणवतात, आणि त्या हिणवण्यातच एकमेकांच्या गुरूंचा ठावठिकाणा बाहेर पडतो. तुझा गुरू स्त्रीराज्यात अडकलाय, तुझा गुरू खड्ड्यात पुरलाय. दोघं आपापल्या गुरूच्या शोधात निघतात. जिंकण्या-हरण्याचा हिशेब मागं राहतो. पोथीत इतरत्र अस्त्रांवर अस्त्रं सुटतात, वेताळ-भैरव उतरतात, डोंगर हलतात, ते सगळं मुलं आजही तोंड उघडं ठेवून ऐकतात. पण वाचताना तेवढंच उचलून कादंबरी बेतली तर हाती फक्त आतषबाजी लागेल.

दुसरा धागा उर्दूकडून आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. माझ्या आजोबांची पिढी मॅट्रिकला उर्दूत शिकली; १९१८ साली हैदराबादेत निघालेलं विद्यापीठही उर्दू माध्यमाचंच. अमीर हमजाची दास्तान, म्हणजे त्याच्या पराक्रमांची लांबलचक कथा, तिच्यातले अय्यार (वेष पालटणारे चतुर हेर), जादूगार आणि तिलिस्म त्या पिढीला ठाऊक होते. लखनौच्या छापखान्यानं १८८३ पासून तिलिस्माचे जाडजूड खंड छापले आणि पूर्ण दास्तान ४६ खंडांवर गेली. तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेला मुलूख. तो कुणाच्याही हातून तुटत नाही, ज्याच्या नावे लिहिलेला असतो त्यानंच तोडायचा. 'निवडलेला मुलगा' ही इंग्रजी कादंबरीतली कल्पना ज्यांना नवी वाटते, त्यांनी इकडं एकदा पाहावं. आमच्या पिढीला मात्र तिलिस्म कळला तो १९९४ नंतर, रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणाऱ्या हिंदी मालिकेतून. उर्दू वाचता येणारे आजोबा तेव्हा शेजारी बसून आम्हाला पात्रांचे अर्थ सांगायचे. घरातला हा दुवा एका पिढीत तुटला, आणि त्याची खंत मराठी बालसाहित्याच्या इतिहासांत कुठं दिसत नाही.

तिसरा धागा चांदोबाचा. मराठी अंक १९५२ साली सुरू झाला आणि खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रम घराघरांत पोचला. त्या गोष्टीतला नियम फार कडक आहे. वेताळ कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे बरोबर उत्तर दिलं तरी हार. शेवटच्या कोड्याला राजाला खरोखरच उत्तर सापडत नाही, तो मुकाट चालत राहतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होतो. जादूच्या पैजेचा याहून घट्ट नियम मी अजून वाचलेला नाही.

आणि हा राजा कुठला? सगळे उज्जैन म्हणतात. काश्मिरात अकराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या कथासरित्सागरात मात्र वेताळाच्या पंचविशीचा राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणात. आमच्या इथून बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर.

त्याच ग्रंथात पैठणच्याच सातवाहन राजाच्या दरबारातली पैज येते. जलक्रीडा चालू असताना राणी संस्कृतात म्हणते, मला 'मोदकैः' मारा. तिला म्हणायचं असतं 'मा उदकैः', पाण्यानं नको. राजा मोदक मागवतो. राणी हसते, राजा शरमेनं अंथरुण धरतो आणि संस्कृत शिकायचंच असं ठरवतो. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणतो, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. गुणाढ्य तिथल्या तिथं पैज लावतो: हे जमलं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडीन. शर्ववर्म्याचं वचन: नाही जमलं तर तुझ्या पादुका बारा वर्षं डोक्यावर वाहीन. कार्तिकेयाच्या कृपेनं शर्ववर्म्याला छोटं व्याकरण मिळतं आणि तो जिंकतो. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या रानात जातो, पिशाचांची भाषा शिकतो, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची कथा लिहितो. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. हरणं, डुकरं चरायचं सोडून भोवती उभी. सहा लाख श्लोक जळाल्यावर राजा पोचतो. एक लाख उरतात.

पैठणच्या पैजेत पणाला लागली ती भाषा. लेखकानं बोलणंच गमावलं, आणि त्या गमावण्यातून कथा जन्मली. यावर मराठीत कुमारांसाठी मोठी कादंबरी व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे.

आता अडचण. मराठवाड्यात 'जादू' हा शब्द निरागस नाही. इथं भानामती आहे, करणी आहे. कपडे पेटले, बाया घुमायला लागल्या की गाव कुणातरी एकट्या बाईकडं बोट दाखवतं. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यानं कायदा केला, त्याच्या नावातच 'जादूटोणा' आहे. कायदा गोष्टींना हात लावत नाही, तरी शिक्षक विचारतात की मंत्रांची पुस्तकं मुलांच्या हाती द्यायची कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो उडवून लावू नये. माझं उत्तर पैजेकडंच जातं. पैज उजेडात लागते, नियम आधी सांगितलेला असतो, साक्षीदार असतात, आणि किंमत मंत्र म्हणणाराच मोजतो. करणी अंधारात केली म्हणतात, तिला ना नियम ना साक्षीदार, आणि किंमत भलत्याच बाईला मोजावी लागते. हा भेद ज्या लेखकाला नीट दाखवता येईल, त्याचं पुस्तक इथल्या प्रत्येक शाळेत जायला हवं. ज्याला तो दिसतच नाही, त्यानं भानामतीच्या मुलखात जादूची कादंबरी लिहू नये असं मी स्पष्ट म्हणतो.

वयाचा घोळ अजून सुटलेला नाही. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या मंडळानं १९७१ साली मुलांचं मासिक काढलं, नाव 'किशोर'. संमेलनं भरतात ती 'बालकुमार'. देशपातळीवरच्या साहित्य संस्थेचा बालसाहित्य पुरस्कार २०१० साली सुरू झाला, तो ९ ते १६ वयाच्या वाचकांसाठीच्या लेखनाला. २०११ साली 'युवा' पुरस्कार आला, पण तिथं 'युवा' म्हणजे ३५ पर्यंतचा लेखक. वाचकाच्या वयाचा संबंध नाही. सतरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली कादंबरी यांपैकी कुठंच बसत नाही. लेखकाला नाव नाही, प्रकाशकाला कप्पा नाही.

कप्प्याची अडचण आमच्याकडंही आली. बालविभागात ठेवलेल्या पुस्तकांना मोठी मुलं शिवत नव्हती. खुर्च्या बुटक्या, भिंतीवर सशाचं चित्र. कादंबऱ्यांच्या कपाटात ती जाडजूड ऐतिहासिक पुस्तकांमागं हरवायची. मागच्या उन्हाळ्यात मी ती सगळी उचलून स्पर्धा परीक्षेच्या कपाटाशेजारी ठेवली, कारण सोळा-सतराची मुलं दिवसभर बसतात तिथंच. चाळीसेक पुस्तकं आहेत. त्यांतली बरीच आता नेहमी बाहेर असतात. कप्प्यावर चिठ्ठी अजून लावलेली नाही.