जड म्हणजे नेमकं काय? वस्तुमान आणि घनता यांची गल्लत

किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड? या कोड्याला 'लोखंड' असं उत्तर देणाऱ्याला सगळे हसतात. मला मात्र त्याची बाजू घ्यावीशी वाटते. "लोखंड कापसापेक्षा जड असतं" हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि ते कुणाला खटकत नाही. मग कोडं ऐकल्यावर तोंडातून तेच निघालं, तर दोष त्या बिचाऱ्याचा कमी आणि 'जड' या शब्दाचा जास्त.

हा शब्द एकटाच दोन कामं करतो. "हा दगड जड आहे, उचलवत नाही" असं म्हणताना आपण समोरच्या त्या एका दगडात एकूण किती द्रव्य आहे ते सांगतो. "शिसं ॲल्युमिनियमपेक्षा जड" म्हणताना कुठल्याच तुकड्याबद्दल बोलत नसतो. ते द्रव्य किती दाटीवाटीने भरलंय ते सांगत असतो. पहिलं वस्तुमान, दुसरी घनता. दोघांच्या मधे असतं आकारमान, म्हणजे वस्तूने अडवलेली जागा. वस्तुमानाला आकारमानाने भागलं की घनता मिळते. हे सूत्र शाळेत पाठ होतं, गल्लत मात्र तशीच राहते.

ती सोडवायला मला सूत्रापेक्षा करवत बरी वाटते. ॲल्युमिनियमची २७० ग्रॅमची कांडी घ्या. तिचं आकारमान १०० घन सेंटिमीटर. आता मधोमध कापा. एका तुकड्याचं वस्तुमान १३५ ग्रॅम, आकारमान ५० घन सेंटिमीटर, आणि भागाकार आधीही २.७ होता, आताही २.७. कांडीचा पार कीस केलात तरी प्रत्येक कणाची घनता तेवढीच राहते. कापल्यावर जे निम्मं होतं ते वस्तूचं. जे जागचं हलत नाही ते पदार्थाचं. म्हणूनच अनोळखी धातूचा तुकडा हाती आला तर त्याच्या वस्तुमानावरून काहीच कळत नाही, घनतेवरून बरंच कळतं: लोखंडाची ७.८७, चांदीची १०.५, शिशाची ११.३, सोन्याची १९.३, सगळे आकडे घन सेंटिमीटरला ग्रॅममध्ये. (वजन ही तिसरीच गोष्ट. ते गुरुत्वाकर्षणाचं बळ असतं. चंद्रावर वजन साधारण एक षष्ठांश होईल, वस्तुमान आणि घनता दोन्ही जशीच्या तशी राहतील.)

बुडणं आणि तरंगणं हा घनतेचा प्रांत. तिथे वस्तुमानाला कुणी विचारत नाही. टनभराचा ओंडका तरंगतो, वाळूचा कण तळ गाठतो. मात्र घनतेचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका, कारण इथे आणखी एक शब्द दगा देतो: 'दाट'. खाद्यतेल पाण्यापेक्षा दाट दिसतं, हळू ओघळतं, बोटाला चिकटून राहतं. तरी ते पाण्यावर तरंगतं, कारण पाण्याची घनता १ आणि त्याची ०.९२ च्या आसपास असते. आपण ज्याला दाटपणा म्हणतो ती श्यानता, म्हणजे वाहायला होणारा विरोध. तिचा घनतेशी संबंध असेलच असं नाही. मधात दोन्ही जास्त आहेत म्हणून आपली समजूत पक्की होते. उलट उदाहरण हवं असेल तर पारा बघा: पाण्याच्या साडेतेरापट घन, आणि वाहतो मात्र सरसर.

गल्लतीचं तिसरं मूळ खुद्द पाण्यात आहे. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम, हे इतकं अंगवळणी पडलंय की लिटर आणि किलो एकमेकांच्या जागी सहज बसतात. हा काही निसर्गाचा चमत्कार नव्हे, तसं मुद्दाम ठरवलं गेलं. १७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच अशी केली की, बर्फ वितळण्याच्या तापमानाला असलेल्या एक घन सेंटिमीटर पाण्याचं वस्तुमान म्हणजे १ ग्रॅम. पुढे किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावर गेला, तरी पाण्याने पिच्छा सोडला नाही. १९०१ साली लिटरची व्याख्या 'एक किलो पाण्याने व्यापलेली जागा' अशी केली गेली. झालं असं, की तो लिटर हजार घन सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा निघाला, लाखात जेमतेम तीन भागांनी. एवढ्याशा फरकासाठी १९६४ साली व्याख्या मागे घ्यावी लागली आणि लिटर पुन्हा निव्वळ जागेचं माप झाला. मापनशास्त्रज्ञांनाही वस्तुमान आणि आकारमान वेगळं करायला ६३ वर्षं लागली, म्हटल्यावर आपलं काय!

पाण्याच्या बाबतीत ही सवय खपून जाते. दुसरा द्रव आला की ती अंगाशी येते.

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधन दाखवणारी यंत्रणा बंद होती, म्हणून टाकीतली पातळी पट्टीने मोजली. टाकीत आधीचंच ७,६८२ लिटर इंधन निघालं. विमानाला लागतं मात्र वस्तुमान, कारण जळताना हिशोब द्रव्याचा होतो, जागेचा नाही. त्या प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायचे म्हणजे घनतेने गुणायचं, आणि त्या इंधनाची घनता होती लिटरला साधारण ०.८ किलो. पण कॅनडात मेट्रिक मापं तेव्हा नवी होती आणि हाताशी असलेला सवयीचा आकडा होता १.७७. तोही घनतेचाच, फक्त लिटरला पौंड. त्याने गुणून १३,५९७ आले, ते किलो समजले गेले, आणि उरलेल्यासाठी ४,९१७ लिटर भरलं. प्रत्यक्षात भरायला हवं होतं वीस हजार लिटरच्या वर. वाटेत, खूप उंचावर, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगवत गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ जण होते, सगळे वाचले.

या प्रकरणात एकक चुकलं असं सगळे सांगतात. ते खरंच आहे. पण मला त्यात घनतेची जाण कमी पडलेली दिसते. लिटरला १.७७ किलो म्हणजे इंधन पाण्याच्या पावणेदोनपट घन झालं! विमानाचं इंधन रॉकेलच्या जातीचं, आणि रॉकेल पाण्यावर तरंगतं हे कुणालाही ठाऊक असतं. तरंगणाऱ्या द्रवाची घनता एकपेक्षा मोठी असूच शकत नाही. कागदावरचा आकडा एकदा पाण्याशी ताडून पाहिला असता तर चूक तिथेच उघडी पडली असती.

आता मोजायला बसू. वस्तुमान मोजणं सोपं: काटा शून्यावर आणा, वस्तू कोरडी ठेवा, आकडा वाचा. खरी कसोटी आकारमानाची. ठोकळा असेल तर लांबी, रुंदी, उंची मोजून काम भागतं. ओबडधोबड दगडाला पाण्यात उतरवावं लागतं. समजा दगड काट्यावर १३८ ग्रॅम भरला. मोजपात्रात १२० मिलिलिटर पाणी घेतलं, दगड दोऱ्याला बांधून अलगद सोडला, पातळी १७२ वर गेली. आकारमान ५२, घनता २.६५. (दोरा विसरू नका. मी एकदा लोखंडी नट वरूनच सोडला होता. काचेच्या मोजपात्राचा तळ गेला आणि सगळं पाणी वहीवर आलं.) काचेच्या पात्रात पाण्याचा पृष्ठभाग कडेला वर चढलेला आणि मधे खोलगट असतो. वाचायचा तो खोलगट भागाचा तळ, डोळा बरोबर त्याच्या रेषेत आणून. वरून वाकून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले असतील तर तेही आकारमानात मोजले जातात आणि घनता उगाच कमी येते.

एवढी काळजी घेतली तरी मोजपात्राच्या रेघा दोन-दोन मिलिलिटरच्या असतील तर ५२ चा आकडा एक-दोनने इकडेतिकडे होणारच. मोठ्या दगडाला ते चालून जातं. सुपारीएवढ्या खड्याचं आकारमानच ५ मिलिलिटर, त्यात दोनची चूक म्हणजे उत्तराला काही अर्थच उरत नाही. अशा वेळी मला एक युक्ती फार आवडते. पाणी भरलेलं चंचुपात्र काट्यावर ठेवून काटा शून्य करा. खडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळता धरा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर खड्याचं आकारमान. पाणी खड्याला वर ढकलतं ते त्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं, आणि खडा पाण्याला तेवढ्याच बळाने खाली दाबतो. काटा तो दाब दाखवतो. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा काटा असेल तर आकारमानही तितक्याच बारकाईने मिळतं.

राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हे आर्किमिडीजने शोधल्याची गोष्ट सांगतात. तिच्यातही खरी अडचण हीच आहे. गोष्ट लिहून ठेवली रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसने, घटनेनंतर दोनेकशे वर्षांनी, आणि त्यात मुकुट काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवल्याचं वर्णन आहे. हिशोब करून बघू. एक किलोचा निखळ सोन्याचा मुकुट ५२ मिलिलिटर जागा घेईल. त्यात ३० टक्के चांदी मिसळली असेल तर ६५. फरक १३ मिलिलिटर. भांड्याचं तोंड २० सेंटिमीटर रुंद धरलं तर पातळीतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. तो डोळ्यांना काय दिसणार! गॅलिलिओलाही ही पद्धत ढोबळ वाटली होती, आणि १५८६ साली त्याने पाण्यात लोंबकळवून तोलण्याची तराजूची रीत मांडली. तराजूला १३ ग्रॅमचा फरक ठळक दिसतो.

आकारमान मोजायला अवघड तर आहेच, शिवाय ते बेभरवशाचं आहे. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर अल्कोहोल एकत्र करा, शंभर भरत नाही. ९६-९७ च्या आसपास येतं. दोन्हींचे रेणू एकमेकांत जास्त दाटीने बसतात. ग्रॅमची बेरीज मात्र चोख जुळते. वाळूचं आणखी वेगळं. लिटरभर कोरडी वाळू साधारण १.६ किलो भरते, म्हणून तिची घनता १.६ म्हणावी, तर तिचा एकेक कण गारगोटीचा, म्हणजे २.६५ चा. कुठला आकडा खरा? दोन्ही. पहिल्यात कणांमधली हवा धरलीय, दुसऱ्यात नाही. त्या लिटरभर वाळूत पाणी ओतून बघा, चारशे मिलिलिटरच्या आसपास सहज मुरतं. तेव्हा सच्छिद्र किंवा दाणेदार पदार्थाची घनता कुणी सांगितली, तर कुठलं आकारमान धरलं ते आधी विचारावं.

कापसाचंही तसंच. पिंजलेला ढीग मोठा दिसतो, पण त्यात बहुतेक हवाच असते; तंतूची स्वतःची घनता दीडच्या आसपास, पाण्यापेक्षा जास्त. म्हणजे किलोभर कापसाचे तंतू ६७० मिलिलिटर हवा बाजूला सारतात आणि किलोभर लोखंड १२७ मिलिलिटर. हवेलाही घनता आहे, लिटरला साधारण १.२ ग्रॅम, आणि पाण्यासारखीच तीही बाजूला सारलेल्या वजनाइतकी वस्तूला वर उचलते. कापसाला ती ०.८ ग्रॅमने हलकं करते, लोखंडाला ०.१५ ने. दोन्हींसाठी काटा बरोबर एक किलो दाखवत असेल, तर कापसात लोखंडापेक्षा सुमारे ०.६५ ग्रॅम द्रव्य जास्त आहे.